सातव्या झाडाची प्रव्रज्या

कायद्याने मला सहा झाडांची परवानगी दिली होती आणि मी सहाच झाडे लावली होती. सातवे झाड मी लावलेले नाही, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करून ठेवते. आमच्या बान खलोंग गावात या प्रकरणाच्या चार निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. त्यांतल्या तीन कथांमध्ये मी कायदा मोडते आणि चौथीत मी भर रस्त्यात नाचते. या दोन्ही गोष्टी मी आयुष्यात केलेल्या नाहीत.

झाडे गांजाची होती. ज्या वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या कृपया खाली घ्याव्यात. शाळेत होते तेव्हापासून मला वर गेलेल्या भुवया आवडत नाहीत. आमचे हे, म्हणजे बुनलू, गावचे स्टेशनमास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांना नागीण झाली. ती यथावकाश गेली, पण जाताना बरगड्यांखाली आपली आग ठेवून गेली. अंगाला सदरा लागला तरी निखारा टेकल्यासारखे होई. ज्या माणसाने उभी नोकरी गळ्यापर्यंत गुंड्या लावून गाड्यांना हिरवे निशाण दाखवण्यात घालवली, तो उघड्या अंगाने ओसरीवर बसू लागला आणि फाटक वाजले की पोटाशी उशी धरून आत पळू लागला. झोप तर नव्हतीच. तक्रारही नव्हती. स्टेशनमास्तरांना ती सवयच असते. गाडी कितीही उशिरा आली तरी ते गाडीला बोलत नाहीत.

गोळ्या झाल्या, मलमे झाली. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या वैद्यबाईंनी गांजाच्या पानांचा काढा दिला. मी तो ह्यांना नाक मुरडूनच पाजला. थोड्याच दिवसांत ह्यांनी पेजेचा दुसरा वाडगा मागितला, आणि एका सकाळी पाहते तो हे सदरा घालून गाढ झोपलेले. गुंड्या एकीच्या भोकात दुसरी, अशा लावलेल्या होत्या. उभ्या जन्मात मी कोणाची चुकीची गुंडी तशीच राहू दिली नव्हती. ती राहू दिली.

पण रुग्णालयात पाने कधी असत, कधी नसत. वैद्यबाई म्हणाल्या, "बाई, त्यापेक्षा तुम्ही घरीच लावा ना. रुग्णाच्या घरी परवानगी मिळते आता."

गावात मला सगळेच बाई म्हणतात, कारण गावातल्या सगळ्यांना मीच शिकवले आहे; शाळेची मुख्याध्यापिका होते मी. शाळेच्या भिंतीवर 'व्यसन माणसाला गिळते' हे वाक्य मीच रंगवून घेतले आणि ते आजही तिथे आहे. अशी मी तालुक्याच्या आरोग्य कचेरीत रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या मुलाने खणखणीत आवाजात विचारले, "आजी, गांजा कोणाला पाहिजे? तुम्हाला की आजोबांना?" मागे रांगेत माझे तीन माजी विद्यार्थी होते. तिघांनीही त्याच क्षणी हात जोडून मला नमस्कार केला. मला वाटते, त्यांनी तो सहानुभूतीने केला असावा.

बँकॉकला बसलेल्या सरकारचा त्या वर्षीचा नियम असा होता: एका घराला सहा झाडे. तपासनीस येणार, झाडे मोजणार आणि प्रत्येक झाडाला स्वतःच्या हाताने क्रमांकाचा बिल्ला बांधणार. एखादे झाड मेले तर त्याच्या जागी दुसरे लावता येईल, पण ते त्याच नोंदलेल्या पाकिटातल्या बियाण्याचे असले पाहिजे. सहाच्या वर एक जरी झाड सापडले तरी परवाना वर्षभरासाठी रद्द. नियम स्पष्ट होता आणि मला स्पष्ट नियम आवडतात. अडचण एवढीच झाली की पाकिटात बिया सहापेक्षा जास्त निघाल्या. उरलेल्यांचे काय करायचे, हे विचारायला मी पुन्हा कचेरीत गेले. तो मुलगा म्हणाला, "नष्ट करा, आजी."

आमच्या पिढीत धान्य नष्ट करत नाहीत. ह्यांनी एक कवडा पाळलेला आहे. त्याचा पिंजरा अंगणात, भूमिदेवतेच्या देवळीशेजारच्या खांबाला टांगलेला असतो. उरलेले बी मी कवड्याला घातले. कवड्याने ते खाल्ले, आणि खाल्ल्यानंतर पाखरे जे करतात तेही केले. माझा या प्रकरणातला सहभाग इथे संपतो.

सहा झाडे मागच्या अंगणात वर्गात बसवल्यासारखी ओळीत वाढत होती. सातवे पहिल्यांदा लम्याईला दिसले. लम्याई आमची शेजारीण. ती फाटकाशी केळ्याची भजी तळते आणि तळता तळता गावातल्या प्रत्येकाच्या घरात काय चालले आहे ते पाहते.

"बाई," ती कढईवरूनच म्हणाली, "देवळीच्या पायाशी काय उगवलंय बघितलंत का?"

देवळी एका उंच खांबावर आहे. तिच्यापुढे मी रोज सकाळी फुले आणि नळी घातलेली लाल सरबताची बाटली ठेवते. त्या खांबाच्या मुळाशी, लाल सरबत सांडून सांडून सुपीक झालेल्या जागेत, वीतभर उंचीचे, नखरेल पानांचे एक झाड उभे होते. माझ्या सहांपेक्षा ते अधिक तरतरीत होते, हे मला लगेच दिसले आणि त्याचा थोडा रागही आला.

"उपटून टाकते," मी म्हणाले.

"अहो, काय बोलता बाई. देवाच्या जागेत उगवलेलं देवाचं असतं. भूमिदेवाने स्वतः लावलंय ते. मास्तरांना झोप कधीपासून लागायला लागली? ते उगवल्यापासूनच ना?"

"झोप काढ्याने लागली. आणि हे कवड्याने लावलंय."

"कवड्याला बुद्धी कुणी दिली?" लम्याईने विचारले आणि भजी उलटली.

अशा तर्काला शाळेत मी बाकावर उभे केले असते. मी वाकून झाडाला हात घातला तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "राहू दे ना."

आमचे हे कधी काही मागत नाहीत. लग्नात त्यांना सासऱ्यांनी सायकल हवी का विचारले, तेव्हाही त्यांनी माझ्याकडे पाहिले होते. दुखणे सुरू झाल्यापासून तर त्यांनी पाण्याचा पेलाही मागितला नव्हता. "देवळीशी आपलं आपण आलंय," ते म्हणाले. "न बोलावता आपल्या घरी कोण येतं?"

आम्हाला मूलबाळ नाही. हे इथे सांगायचे कारण पुढे येईल.

मी हात मागे घेतला. म्हणजे तिढा असा पडला की सातवे झाड राहिले तर परवाना जाणार, परवाना गेला तर काढा जाणार आणि काढा गेला तर ह्यांच्या अंगावरचा सदरा पुन्हा उतरणार. तपासणी महिन्याभरावर आली होती. मी कोणाचाही सल्ला मागितला नाही. तो मिळाला.

पहिला सल्ला विचियनने दिला. विचियन जमीन-मोजणीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाला आहे आणि तेव्हापासून त्याला मोजायला काही उरलेले नाही. तो चहा पिऊन, कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला, "बाई, नियम घराला सहा असा आहे. माणसाला नाही. तुम्ही दोघं कायद्याने विभक्त व्हा. स्वयंपाकघराला वेगळा घर-नंबर मी मिळवून देतो. मग सहा तुमची, सहा मास्तरांची."

"विचियन, माझं वय किती आहे?"

"म्हणूनच सांगतो बाई, आता पोटगीचा वगैरे प्रश्न येणार नाही."

आमचे हे उशी पोटाशी धरून लक्षपूर्वक ऐकत होते. "मग स्वयंपाकघर कोणाकडे जाईल?" त्यांनी विचारले. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा म्हणाले, "नुसतं विचारलं."

दुसरा सल्ला लम्याईचा. झाडाला टॅपिओकाचे, म्हणजे साबुदाण्याच्या झाडाचे, काही तुरे बांधायचे आणि तपासनीस आला की ते टॅपिओका आहे असे सांगायचे. पाने तशी सारखीच दिसतात. मी तिला सांगितले की मी खोटे बोलत नाही. ती म्हणाली, "तुम्ही कशाला बोलता, मी बोलते. मला सवय आहे." तिसऱ्या कोणी तरी झाड लम्याईच्या परसात हलवायला सांगितले. त्यावर लम्याईने, तिच्याकडे परवाना नाही आणि तिला तुरुंगात भजी तळायची नाहीत, असे स्पष्ट केले. सत्य हे सोयीस्कर असेल तेव्हा लम्याईलाही प्रिय असते.

मग एका दुपारी ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "बाई, झाडाला दीक्षा देऊन टाका."

हसण्यासारखे त्यात काही नव्हते. आमच्या भागात झाडांना चीवर बांधतात. नदीकाठचे जुने वृक्ष तोडायला ठेकेदार आला होता, तेव्हा विहारातल्या भंतेंनी एकेका बुंध्याला भगवे वस्त्र गुंडाळले. मग करवत लावायला एकही मजूर तयार होईना. "दीक्षा घेतलेल्याला कोण उपटेल?" लम्याई म्हणाली.

"उपटण्याचा प्रश्न नाही. मोजण्याचा आहे."

इथे ओसरीवर चहा पीत बसलेल्या विचियनने कप खाली ठेवला. तो कप खाली ठेवतो तेव्हा मला धडकी भरते. "बाई, मुलगा भिक्खू झाला की त्याचं नाव घराच्या नोंदीतून काढून विहाराच्या नोंदीत घालतात. मी स्वतः कितीतरी नावं हलवली आहेत. दीक्षा घेतलेल्याला घरच्या माणसांत मोजत नाहीत."

मी पुष्कळ वेळ विचार केला. त्यात खोटे कुठे सापडेना. मला ते शोधूनही सापडले नाही, ही गोष्ट मला जरा संशयास्पद वाटली; पण मी उठले आणि विहारात गेले.

थोरले भंते माझ्याच वयाचे आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि डोळे मिटले. मला वाटले ध्यानस्थ झाले. ते हसू आवरत होते.

"झाडाला उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, नसते, बाई," ते म्हणाले. "पण वस्त्र बांधता येतं, आशीर्वाद देता येतो. कोणतं झाड आहे म्हणालात?"

मी सांगितले.

"अस्सं." भंते म्हणाले. "पाचव्या शीलाचं काय? मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं?"

मी या प्रश्नाची तयारी करून गेले होते. "भंते, तो स्वतः काहीच घेत नाही. घेणारे आपण."

भंतेंनी पुन्हा डोळे मिटले. "मग आमच्यातल्या काहींपेक्षा बरा आहे. येतो मी. पण बाई, सरकारचं सरकार जाणे. मी फक्त वस्त्र बांधणार."

मी 'तो' म्हणाले होते, हे मला घरी येताना लक्षात आले.

समारंभ अगदी साधा करायचा असे मी ठरवले होते. लम्याईने ढोलवाले बोलावले. आमच्याकडे दीक्षेला निघालेल्या मुलाची मिरवणूक असते, पुढे ढोल, त्यापुढे नाचणारे. झाड जमिनीत असल्यामुळे ते मिरवता येईना, म्हणून लोक झाडाभोवतीच तीन फेऱ्या मारू लागले. चौथ्या कथेत मी नाचते ती याच प्रसंगात. वस्तुस्थिती अशी की माझा पाय खड्ड्यात गेला आणि तोल सावरण्यासाठी मी दोन्ही हात वर केले. ढोल त्या वेळी वाजत होता, हा योगायोग आहे.

मुंडनाची पहिली बट बापाने कापायची असते. भंतेंनी कात्री ह्यांच्याकडे दिली. त्या दिवशी काढा चांगला लागू पडला होता. ह्यांनी स्टेशनमास्तरचा पांढरा सदरा घातला होता. ते गुडघ्यावर बसले आणि झाडाचा शेंडा इतक्या हळू कापला, की जणू झाडाला बरगड्या असाव्यात. मग भंतेंनी माझ्याकडे पाहिले. चीवर आईने द्यायचे असते. मी गावातल्या पोरांच्या दीक्षांना आयुष्यभर गेले, पुढच्या रांगेत बसले, आयांच्या हातातली ती घडी पाहिली. आमच्याकडे म्हणतात की मुलाच्या चीवराचे टोक धरून आईबाप स्वर्गात जातात. मी हातरुमालाएवढा भगवा तुकडा रात्री चार वेळा इस्त्री केला होता. तो दोन्ही हातांवर धरून पुढे केला. माझ्या डोळ्यांत त्या वेळी धूर गेला होता. उदबत्त्या लम्याईने प्रमाणाबाहेर लावल्या होत्या.

भंते गेल्यावर ध्यानात आले की आता मला झाडाला हात लावता येणार नाही. बाईमाणसाने भिक्खूला शिवायचे नसते. मी पाणी घालायचे ते लांबून, भांडे उंच धरून. सहा झाडांची पाने पुसणारी मी सातव्याला दुरून नमस्कार करू लागले.

शेंडा कापलेले झाड दुप्पट फुटते, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असते. मी शिक्षकाची मुलगी. मुंडन झालेला आमचा सातवा पंधरा दिवसांत असा काही फोफावला की देवळी त्याच्या आड गेली. एवढ्यावर भागले असते. पण लम्याईने बोटाला टाल्कमची भुकटी लावून त्याचे खोड चोळले. लॉटरीचा आकडा पाहण्याची आमच्याकडे ही रीत आहे. पवित्र झाडाच्या सालीवर भुकटी घासली की ज्याच्या नशिबात असेल त्याला आकडा दिसतो. लम्याईला दिसला. सोडतीत तो लागलासुद्धा.

"बाई, देव आहे," ती धापा टाकत सांगायला आली.

"लम्याई, हे कोणाला सांगितलंस का?"

"नाही हो. फक्त बाजारात."

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना रुग्णालयात दाखवायला नेले होते. परत आलो तेव्हा फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग होती. अंगणात शेजारच्या चार गावांची माणसे. ज्यांना सातव्याच्या खोडापर्यंत पोचता आले ते खोड चोळत होते. कोणीही त्याचे एक पान तोडले नव्हते. चीवरधाऱ्याचे पान तोडण्याइतके आमचे लोक अधार्मिक नाहीत. पण प्रसाद तर हवाच. म्हणून मागच्या अंगणातल्या सहांची पाने तोडली होती. त्याच घरचे, भाऊबंद म्हणून.

मी फाटकात उभी राहिले आणि म्हणाले, "रांग."

एवढेच. मोठमोठे बाप्ये, त्यांत एक माजी हवालदार, मुकाट्याने उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. मी एकेकाला हात पुढे करायला लावले. पाने बहुतेकांनी खिशात, पाकिटात, एकाने तर तोंडात घातली होती. जी परत मिळाली ती चुरगळलेली, घामेजलेली, भुकटीने माखलेली. माझ्या सहा झाडांच्या जागी सहा काठ्या उरल्या होत्या. चौथी मुळासकट हलली होती. ती पुढल्या दोन दिवसांत वाळलीच.

उरलेला काढा आठवडाभर पुरला. रुग्णालयात त्या वेळी पाने नव्हती. मग एका सकाळी ह्यांनी सदरा काढून घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि उशी पोटाशी घेतली. मला काही म्हणाले नाहीत. कवड्याशी मात्र बराच वेळ बोलत बसले.

आणि अंगणात सातवा उभा होता. हिरवागार, दाट, डवरलेला.

लम्याई भज्यांची परडी घेऊन आली. तिने ती नेहमीसारखी पुढे केली नाही, पायरीवर ठेवली. "बाई, माझ्या तोंडाला आग लागो. पण चारच पानं... मास्तरांसाठी. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग तुम्ही नका. मास्तर पुरुष आहेत, त्यांनी तोडावीत."

मी ह्यांच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर, त्यांनी हो म्हणावे असे मला वाटत होते. माझा कायदा, माझी तत्त्वे, भिंतीवरचे वाक्य, सगळे त्या क्षणी मी बाजूला ठेवायला तयार होते.

"नको," हे म्हणाले. "मुलाच्या भिक्षापात्रातलं बाप कधी घेतो का?"

मी आत गेले आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

तपासणीच्या दिवशी गाडीतून उतरली ती कन्निका. माझ्याच वर्गातली. बेरजेला हातचा विसरायची म्हणून मी तिला वर्षभर पहिल्या बाकावर बसवले होते. हिला मोजायला मीच शिकवले, आणि आता ही माझ्या अंगणात मोजायला आली होती. तिने गणवेशातच वाकून नमस्कार केला. मागे विचियन आणि लम्याई भिंतीवरून पाहत होते. पाहत नाही असे दाखवण्यासाठी त्यांनी तोंडे दुसरीकडे केली होती आणि कान इकडे.

"बाई, मी लवकर आटपते," ती म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली. "एक, दोन, तीन..." चौथ्यापाशी थांबली. हात लावला तर काठी हातात आली. "हे मेलंय, बाई. पाच, सहा." तिचा आवाज खाली गेला. "पानं कुठं गेली सगळ्यांची?"

"प्रसादात."

तिने मान डोलावली; आमच्या गावात हे उत्तर पुरेसे असते. पाच काठ्यांना पाच बिल्ले बांधून ती पुढच्या अंगणात आली आणि देवळीपुढे येऊन उभी राहिली. सातव्याच्या गळ्यातला भगवा तुकडा वाऱ्यावर हलत होता. कन्निकाने आधी हात जोडले. मग माझ्याकडे पाहिले.

"बाई, हे..."

"गांजा आहे," मी म्हणाले. भिंतीपलीकडे लम्याईने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "मी लावलेला नाही. कवड्याने लावला. दीक्षा थोरल्या भंतेंनी दिली. विचियनच्या मते तो घरात मोजायचा नाही. माझं मत मी अजून बनवलेलं नाही. तू मोजणारी आहेस, तू सांग."

कन्निका घामाघूम झाली. "बाई, मोजायचा तर बिल्ला बांधायला पाहिजे. मी ह्याला हात कसा लावू? आणि नाही मोजला, तर गांजा असून मोजला नाही असं होईल. माझी नोकरी जाईल." तिने गाडीच्या चालकाला हाक मारली. तो पुरुष होता. तो दुरूनच म्हणाला, "मॅडम, मी नाही. मी ह्याचा आकडा घेतलाय."

तेवढ्यात फाटक वाजले आणि आमचे हे उशी घेऊन आत पळाले नाहीत. उघड्या अंगाने, उशी पोटाशी धरून ते पायऱ्या उतरून अंगणात आले. कन्निकाने मास्तरांना लहानपणापासून गळ्यापर्यंत गुंड्या लावलेले पाहिले होते. तिने नजर खाली केली. फाटकातून थोरले भंते आत येत होते. विचियनने भिंतीवरून हळूच सटकून त्यांना बोलावून आणले होते. विचियनच्या हातून घडलेली ही एकमेव उपयुक्त गोष्ट, म्हणून तिची नोंद करते.

"काय अडलं?" भंतेंनी विचारले.

हेच बोलले. "भंते, ह्याला घरी यायचंय."

भंतेंनी ह्यांच्या उशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मागच्या काठ्यांकडे पाहिले. आमच्याकडे दीक्षा जन्मभराची असावी लागत नाही. मुलगा महिनाभर, एखाद्या पावसाळ्यापुरता भिक्खू होतो आणि आईबाप थकले की चीवर उतरवून घरी येतो. त्यात कमीपणा नाही. आजारी आईबापांची सेवा हेही पुण्यच. चीवर उतरवून आलेल्याला गाव 'थित' म्हणते, आणि थित झालेल्याला लोक मुलगीही बिनघोर देतात.

"त्याच्या वतीनं कोण विचारतं?" भंते म्हणाले.

"बाप," ह्यांनी सांगितले. सरळ, स्वच्छ आवाजात. गाडी सुटण्याची वेळ जाहीर करायचे तसे.

भंतेंनी ओठांतल्या ओठांत काही म्हटले आणि भगव्या तुकड्याची गाठ सोडली. तो घडी करून स्वतःच्या झोळीत टाकला. "जा," ते झाडाला म्हणाले. "आई कडक आहे. सांभाळून राहा."

कन्निका अजून हिशेबात होती. "बाई, मेलेल्याच्या जागी चालेल. पण बियाणं नोंदलेल्या पाकिटातलंच पाहिजे."

"त्याच पाकिटातलं आहे."

"मग इतके दिवस कुठं होतं?"

"आधी कवड्याच्या पोटात," मी म्हणाले. "मग विहारात."

ती थोडा वेळ ओठ हलवत राहिली. मला ते ओळखीचे होते. ती हातचा धरत होती. "पाच आणि एक," ती शेवटी म्हणाली. "सहा." आणि चौथ्याचा बिल्ला तिने आमच्या सातव्याच्या फांदीला स्वतःच्या हाताने बांधला. या वेळी तिचे उत्तर बरोबर होते आणि मी तिला तसे सांगितले. मुख्याध्यापिकेची शाबासकी माणसाला शेवटपर्यंत लागते. तिचे डोळे भरून आले.

सगळे गेल्यावर मी झाडाशी गेले. आता शिवायला हरकत नव्हती. आधी त्याच्या खोडावरची भुकटी ओल्या फडक्याने पुसली. लोकांनी पार कान भरेपर्यंत माखली होती. मग त्याला विचारले आणि खालची चार पाने तोडली.

लम्याई सोडतीच्या आदल्या दिवशी पुन्हा आली. बोटाला भुकटी लागलेलीच होती. "बाई, आमच्या थितला एकदा विचारते हां. एकच आकडा."

"लम्याई, तो आता प्रापंचिक झालाय," मी म्हणाले. "प्रपंचात पडलेल्याला उद्या घरात काय शिजेल ते ठाऊक नसतं. तुझा आकडा त्याला कुठून ठाऊक असणार?"

तिने बोट पदराला पुसले आणि ओसरीकडे मान वळवून पाहिले. "मास्तर झोपलेत वाटतं?"

झोपले होते. खुर्चीतच, तोंड उघडे टाकून, मालगाडी पुलावरून जावी तसे घोरत. अंगात सदरा होता, आणि वरून दुसरी गुंडी तिसरीच्या भोकात.

"हळू बोल," मी म्हणाले.